मंडळासाठी सरकारी अनुदान: अर्ज लिहिण्याच्या आधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात चौदा वर्षं एक मंडळ चाललं आहे. देवळाच्या सभागृहाला लागून असलेल्या खोलीत वाचनालय, शनिवार-रविवारी मुलांचा पेटी-तबल्याचा वर्ग, श्रावणात भजनी सप्ताह, गणेश चवथीनंतर एक नाटक. नोंदणी नाही. मंडळाच्या सचिव विचारतात: सरकारी अनुदान नेमकं कुठे असतं, ते शोधायचं कसं, अर्ज कसा करायचा? आणि ‘सगळं करून देतो, मंजूर रकमेचे १५ टक्के द्या’ म्हणणाऱ्या माणसाला हो म्हणावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यात तुमची सही अडकणार आहे. नाही, त्याला हो म्हणू नका. अनुदान मिळालं की ते कशावर खर्च झालं याचा दाखला संस्थेला द्यावा लागतो. त्याला विनियोग प्रमाणपत्र म्हणतात. लाखातले पंधरा हजार त्या माणसाला दिले तर त्या दाखल्यात ते कुठे दाखवणार? मग न घेतलेल्या पुस्तकांचं पंधरा हजारांचं बिल मिळवावं लागतं. त्या बिलावर सही अध्यक्षांची, खजिनदारांची आणि तुमची असते, त्या माणसाची कुठेच नसते. हिशेब तपासायला चार्टर्ड अकाउंटंट लागतो. त्यांची ठरलेली फी मंडळाच्या स्वतःच्या पैशांतून द्या आणि पावती घ्या. टक्केवारी मात्र कोणालाच नको.

मी २३ वर्षं फोंडा आणि डिचोली भागातल्या मंडळांचे, वाचनालयांचे, महिला संस्थांचे हिशेब आणि अर्ज पाहते आहे. फेटाळलेले अर्ज खूप पाहिले. योजनाच सापडली नाही म्हणून अडलेली संस्था क्वचित भेटली. बहुतेक ठिकाणी संस्थेच्या वहीतच काही नव्हतं. ठराव नव्हता, किंवा ठरावावर तारीख नव्हती, किंवा ठरावात कपाटं आणि अर्जात साउंड सिस्टीम. म्हणून योजनांकडे जाण्याआधी तुमच्या मंडळाविषयी बोलू या.

नोंदणी आधी करा. गोव्यात महाराष्ट्रासारखं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय नाही. सावंतवाडीच्या किंवा कोल्हापूरच्या पाहुण्यांनी पाठवलेला घटनेचा नमुना इथे तसाच्या तसा चालत नाही, त्यात विश्वस्त कायद्याची कलमं असतात. आपला रस्ता सोसायटी नोंदणी कायदा, १८६० हा. किमान सात जण लागतात, आणि नोंदणी जिल्हा निबंधकांकडे होते. सातही जण एका घरातले नकोत. तुमच्याकडे एकाच आडनावाची घरं गावभर असतात, त्यामुळे नातं नसतानाही फाइल पाहणाऱ्याला शंका येते. यादीत प्रत्येकाचा पूर्ण पत्ता आणि व्यवसाय लिहा, शक्य असेल तर दोन-तीन वाड्यांवरची माणसं घ्या. निम्म्या तरी बायका असू द्या. काम त्याच करत आहेत हे तुमच्या पत्रावरूनच दिसतं.

नोंदणीच्या कागदांत सगळ्यात जास्त वेळ उद्देशांवर घालवा. लोक इथे घाई करतात आणि पुढे वर्षानुवर्षं अडकतात. उद्देशांत जे लिहिलेलं नाही त्यासाठी अनुदान मागता येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. फक्त ‘भजन व धार्मिक कार्यक्रम करणे’ असं लिहिलं तर वाचनालयाचा अर्ज पहिल्याच टेबलावर थांबेल. म्हणून वाचनालय चालवणं, संगीत आणि नाट्य यांचं शिक्षण व प्रयोग, महिला आणि मुलांसाठी उपक्रम, लोककलांचं जतन, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत, साध्या भाषेत लिहा. मात्र जे कधीच करणार नाही ते घालू नका. गोशाळेपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत चाळीस उद्देश लिहिलेली घटना मी पाहिली आहे; तिच्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. नंतर बदलू म्हणाल तर ते सोपं नाही. सोसायटी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उद्देश बदलायला खास सभा घ्यावी लागते, तिच्यात तीन पंचमांश मतं लागतात, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच मतांनी तो बदल पुन्हा कायम करावा लागतो. कलम ४ ही ध्यानात ठेवा. दर वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते. ही यादी तीन वर्षं दिली नाही आणि मग अनुदानाच्या वेळी धावपळ, हे दृश्य मी दर पावसाळ्यात बघते.

मग संस्थेच्या नावाने पॅन कार्ड आणि बँक खातं. खात्यावर दोन सह्या लागतील असं करा. केंद्र सरकारच्या कुठल्याही मंत्रालयाकडे जायचं असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी लागते. तिथे संस्थेचा पॅन आणि निदान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार द्यावे लागतात. आपल्याकडे या ठिकाणी हमखास घोळ होतो. जुन्या कागदांवर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीचं, आधारवर इंग्रजी पद्धतीचं, पॅनवर वडिलांचं नाव मध्येच. ते जुळत नसेल तर आधी त्या व्यक्तीचे कागद दुरुस्त करा किंवा दुसरा पदाधिकारी द्या. आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी) पहिल्या वर्षी नसली तरी चालेल, पण सीएंशी त्याबद्दल लवकर बोला. पुढे मोठं अनुदान किंवा कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी आला की ती लागते.

आता तुम्हाला नको असलेली गोष्ट सांगते. बऱ्याच योजनांत नोंदणी होऊन तीन वर्षं झालेली असावी आणि तीन वर्षांचे तपासलेले हिशेब जोडावेत अशी अट असते. तुमची चौदा वर्षं त्यात धरली जात नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण काम खरं झालेलं आहे. तरी ती वर्षं वाया जात नाहीत. वाचनालयाची देवघेवीची वही, सप्ताहाच्या वर्गणीच्या पावत्या, नाटकांची हँडबिलं, फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं, हे वर्षवार लावून एका फाइलमध्ये ठेवा. पाहणीला अधिकारी येतात तेव्हा या फाइलचं वजन पडतं. आणि तीन वर्षं हात बांधून बसायचीही गरज नाही. गोव्यात वाचनालयांचं अनुदान संस्थांबरोबर पंचायतींनी चालवलेल्या वाचनालयांनाही मिळतं. ग्रामसभेत विषय मांडा. पंचायतीने वाचनालय आपल्या नावावर घेतलं आणि रोजचं काम तुमच्या मंडळाकडे सोपवलं, तर मधली वर्षं भागतात. मात्र तसा लेखी ठराव आणि पुस्तकांची मोजदाद आधी हवी. नाहीतर पुढच्या निवडणुकीनंतर पुस्तकं कोणाची यावरून भांडण होईल.

योजना शोधायच्या कुठे? लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी दाखवतात. तिच्यातल्या अर्ध्या योजना बंद झालेल्या असतात किंवा व्यक्तींसाठी असतात, संस्थांसाठी नव्हे. मी राजपत्रापासून सुरुवात करते. गोवा सरकारचं राजपत्र दर गुरुवारी निघतं, तीन मालिकांत. योजना, नियम आणि त्यांतले बदल पहिल्या मालिकेत येतात. मुद्रण खात्याच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. योजनेचा मूळ मजकूर एकदा वाचलात की निम्मे गैरसमज जातात. पात्र कोण, किती टक्के सरकार देणार आणि किती संस्थेने घालायचे (याला आपल्या खात्यांत ‘पॅटर्न ऑफ असिस्टन्स’ म्हणतात), पैसे आधी मिळणार की खर्चानंतर, योजना किती वर्षांसाठी आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. शेवटची दुरुस्ती शोधायला विसरू नका. दुसरा कागद अर्थसंकल्पाचा. अर्थसंकल्पी भाषणात घोषणा असते. तरतूद खात्याच्या मागण्यांच्या पुस्तकात असते. घोषणा झाली आणि तरतूद नाममात्र, असं होतं. ते पाहिल्याशिवाय सहा महिन्यांची मेहनत घालू नका.

मग स्वतः जा. गोव्यात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. वाळपईहून सकाळची कदंबा बस पकडली की पणजीच्या स्टँडवर उतरून पाटोला संस्कृती भवन चालत गाठता येतं. कला आणि संस्कृती संचालनालय तिथेच, आणि कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही त्याच इमारतीत. हे ग्रंथालय १८३२ सालापासून आहे, आणि गावातल्या वाचनालयांना तिथले लोक फार आपुलकीने मदत करतात असा माझा अनुभव आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदतही आहे. तिचा रस्ता तिथेच विचारा. संबंधित टेबलावरच्या कारकुनाला तीनच गोष्टी विचारा: योजना आज चालू आहे का, यंदाच्या तरतुदीतले पैसे शिल्लक आहेत का, आणि गेल्या वर्षी अर्ज कशामुळे परत गेले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी असतं. पंचायतीला स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी नेमून दिलेले असतील तर त्यांनाही गाठा; खात्याबाहेरच्या योजना त्यांना माहीत असतात.

केंद्राच्या योजनांकडे तुम्ही आज पाहू नये असं माझं मत आहे. संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत नाटक, महोत्सव, परिसंवाद यांना मदत मिळते. गुरु-शिष्य परंपरेचं अनुदानही त्यातच. पण ते अनुदान प्रयोग करणाऱ्या कलापथकातल्या गुरूला आणि शिष्यांना मासिक मानधन म्हणून असतं. मुलांच्या शनिवारच्या वर्गासाठी ते नाही, तरी दर वर्षी कोणीतरी त्यासाठी अर्ज करतं. उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र गोव्यासाठीही आहे. तुमच्या गावातली लोककला ते कार्यक्रमाला बोलावू शकतात, तेवढी ओळख आधी करून ठेवा. मंडळातल्या काही बायकांचा स्वयंसाहाय्य गट असेल तर तो वेगळा राहू द्या. त्याचं खातं, त्याचं कर्ज, त्याला ग्रामीण विकास यंत्रणेकडून मिळणारी मदत, हे मंडळाच्या खात्यात मिसळलं की दोन्हीकडचे हिशेब बिघडतात.

जागेचा प्रश्न तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे, पण मला तोच मोठा वाटतो. खोली देवळाची आहे. देवस्थानं १९३३ च्या, पोर्तुगीज काळातल्या महाजनी नियमांखाली येतात (महाजन म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) आणि तालुक्याचा मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. अध्यक्षांनी ‘वापरा की’ म्हटलं ते सरकारी फाइलला पुरत नाही. देवस्थान समितीच्या सभेचा ठराव आणि वापराच्या परवानगीचं पत्र, किती वर्षांसाठी ते लिहून, घ्या. आणि कृपा करून पहिला अर्ज इमारतीसाठी करू नका. बांधकामाच्या अनुदानाला एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), मालकी किंवा भाडेकरार, पंचायतीचा परवाना, आराखडा, अंदाजपत्रक हे सगळं लागतं. सत्तरीत मोकासो आणि आल्वारा (जुन्या राजवटींत दिलेल्या) जमिनींचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटलेले नाहीत. काही गावं म्हादई अभयारण्याला लागून किंवा आत आहेत. उताऱ्यावर नाव एकाचं, कूळ दुसरं, राहतो तिसरा. अशा जागेवर सभागृह मागणाऱ्या चांगल्या संस्था दहा-दहा वर्षं त्या एकाच फाइलमागे धावून थकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तेवढ्यात वाचनालय बंद पडलेलं असतं. तुम्ही हलवता येणाऱ्या वस्तू मागा: पुस्तकं, लोखंडी कपाटं, तबला-डग्गा, पेटी, खुर्च्या.

अर्जातला मजकूर आधी मराठीत लिहा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर मान्य आहे. फॉर्म मात्र बहुधा इंग्रजी असतो. कोणीतरी इंग्रजी चांगलं म्हणून थेट इंग्रजीत लिहायला घेतं, आणि त्यात ‘ग्रामीण जनतेचा सर्वांगीण विकास’ अशी वाक्यं येतात जी कुठल्याही गावाला लागू पडतात. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे की जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, लाकडी फळीवरच्या पुस्तकांना बुरशी लागते आणि दर वर्षी तीस-चाळीस पुस्तकं टाकून द्यावी लागतात. हेच लिहा. देवघेवीच्या वहीतून गेल्या वर्षी किती वाचक, त्यांत मुलं किती, बायका किती, किती पुस्तकं बाहेर गेली ते मोजून लिहा. मग चार कपाटं का हवीत हे वेगळं समजावावं लागत नाही. इंग्रजी भाषांतर त्यानंतर करून घ्या.

अंदाजपत्रकात गोल आकडे नकोत. प्रत्येक वस्तूसाठी तीन दुकानांची कोटेशनं घ्या, त्यांवर दुकानाचा शिक्का, तारीख आणि जीएसटी क्रमांक पाहा. मंडळाचा वाटा किती आणि तो कुठून येणार हे लिहा. सप्ताहाची वर्गणी, नाटकाची तिकिटं, देणग्या, जे असेल ते. एकाच कामासाठी दोन खात्यांकडे मागू नका. मागितलं नाही असं लिहून द्यावं लागतं आणि ते तपासता येतं. आमदारांचं शिफारसपत्र घ्यायला हरकत नाही, ते जोडा. पण त्यामुळे सुटलेला कागद भरून निघत नाही. राजकारणातल्या कोणालाही कार्यकारिणीत पद देऊ नका. सरकार बदललं की तुमची फाइलही बदलते.

मंजुरीचा आदेश हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत. बिल पुढे लेखा संचालनालयात जातं, तिथे ऑब्जेक्शन लागू शकतं, ते उत्तर देऊन सोडवावं लागतं. कार्यक्रमांची बरीच अनुदानं खर्च झाल्यावर, बिलं दिल्यावर मिळतात. म्हणजे नाटकाचा खर्च आधी तुम्हालाच करावा लागेल आणि परतफेडीला काही महिने लागतील. तेवढी रक्कम मंडळाकडे नसेल तर कर्ज काढून नाटक करू नका.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. पहिल्या काही वर्षांत मी एका महिला मंडळाची खजिनदार होते. शिवणयंत्रांचं अनुदान मंजूर होणार हे नक्की कळलं होतं. दुकानात सवलत चालू होती, म्हणून मी आदेश येण्याच्या अकरा दिवस आधी यंत्रं घेतली. बिलाची तारीख आदेशाच्या आधीची, म्हणून ती सगळी रक्कम नामंजूर झाली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. बायकांनी दोन वर्षं पापड-लोणची विकून ते पैसे फेडले, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते मला अजून आठवतं. आदेशाची तारीख, त्यानंतरचं बिल, बँकेतूनच दिलेले पैसे: हा क्रम मोडू नका.

पैसे आले की शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवा. केंद्राच्या अनुदानावर मिळालेलं व्याज परत करावं लागतं. त्याचं विनियोग प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. ते राहिलं तर पुढचा हप्ता नाही आणि पुढची योजनाही नाही. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची मालमत्ता नोंदवहीत नोंद करा, कपाटावर रंगाने क्रमांक लिहा. अनुदानातून घेतलेली पेटी कोणाच्या लग्नात भाड्याने द्यायची नाही, विकायची तर नाहीच. आणि गावातल्या कोणी हिशेब मागितला तर लगेच दाखवा. ग्रामसभेनंतर फलकावर जमाखर्च लावणाऱ्या एका वाचनालयाला मी ओळखते. त्यांना वर्गणी कधी कमी पडत नाही.

वेळेचं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये हिशेब तपासून घ्या, जूनमध्ये वार्षिक सभा, आणि चवथीच्या आधी अर्ज आत गेलेला असू द्या. डिसेंबरनंतर दिलेला अर्ज ३१ मार्चच्या गर्दीत सापडतो. त्यात निवडणूक आली तर सगळंच थांबतं. २०२२ साली १४ फेब्रुवारीला विधानसभेचं मतदान होतं आणि आचारसंहिता ८ जानेवारीलाच लागली. ऐन शेवटच्या तिमाहीत किती तरी फाइली टेबलावरच राहिल्या. दर पाच वर्षांनी तेच दिवस पुन्हा येतात, त्या वर्षी अर्ज आणखी लवकर करा.

या महिन्यात एवढंच करा. एक जाड, पानांवर क्रमांक छापलेली वही आणा. मंडळातल्या सगळ्यांना चार दिवस आधी कळवून रविवारी बसा, आणि पहिल्या पानावर तारीख, हजर असलेल्यांची नावं व सह्या, नोंदणी करायचा ठराव, सात जणांची नावं आणि उद्देशांचा पहिला मसुदा लिहा. कोणी विरोध केला तर तोही लिहा. तो मसुदा मला पाठवलात तर नोंदणीला देण्याआधी मी ओळ न् ओळ वाचून देईन.